मुकडेनच्या लढाईवर लिहिताय? या चुका टाळा

पहिली फसगत नकाशावर होते. आजच्या नकाशात मुकडेन सापडणार नाही. ते शहर आता शेनयांग म्हणून ओळखलं जातं, ईशान्य चीनमध्ये. नेटवर शोधलं की बरेचदा 1931 ची मुकडेनची घटना पुढे येते. ती वेगळी. आपली लढाई 20 फेब्रुवारी ते 10 मार्च 1905 ची, रशिया-जपान युद्धातली. रशियन कागदपत्रांत तारखा 13 दिवस मागे दिसल्या तर त्या चुकीच्या म्हणून खोडू नका, तिकडे तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर चालू होतं. फक्त एकाच लेखात दोन्हींची सरमिसळ नको.

'जपानी शूर होते म्हणून जिंकले' एवढ्यावर भागवणं ही मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक. शौर्य दोन्हीकडे होतं. रशियाचे तीन लाखांहून जास्त सैनिक होते, जपानचे त्याहून कमी. मग रशिया हरला कसा, हे नीट सांगा. 2 जानेवारीला पोर्ट आर्थर, रशियाच्या ताब्यातलं बंदर, पडलं आणि त्याला वेढा घालून बसलेलं जपानी जनरल नोगींचं सैन्य मोकळं झालं. ते आता कुठून येणार, या चिंतेने रशियन सेनापती कुरोपात्किनला ग्रासलं होतं. जपानचे सेनापती मार्शल ओयामांनी पूर्वेच्या डोंगरात जनरल कावामुरांचं सैन्य पुढे काढलं. त्यात पोर्ट आर्थरला लढलेली 11 वी डिव्हिजन होती. ती दिसताच कुरोपात्किनने नोगी पूर्वेलाच आहेत असं धरलं आणि राखीव फौज तिकडे धाडली. नोगी मात्र पश्चिमेच्या सपाट मैदानातून वळसा घालून, शहराच्या उत्तरेला जाणाऱ्या रेल्वेकडे निघाले होते. रशियाची ती राखीव फौज मग उलट दिशेला, पश्चिमेकडे पळवावी लागली. हे हेलपाटे रशियाला फार महागात पडले.

'रशियन सैन्य नेस्तनाबूत झालं' असंही लिहू नका. ओयामांना वेढा पूर्ण करायचा होता, तो झाला नाही. 9 मार्चला धुळीचं वादळ उठलं, त्याच धुळीत जपानी गोठलेली हुन नदी ओलांडून आले, आणि रशियन फौजा मार खात का होईना, उत्तरेला त्येलिंगकडे निसटल्या. मृत, जखमी, बंदी धरून रशियाचं नुकसान 90 हजारांच्या आसपास, जपानचं 75 हजारांच्या. पाठलाग करायला जपानकडे ताकद उरली नव्हती. ओयामांचे चीफ ऑफ स्टाफ कोदामा तर तोक्योला जाऊन सरकारला तह करा म्हणून सांगत होते. रशिया बोलणीला तयार झाला तो मे महिन्यात त्सुशिमाच्या सागरी लढाईत आरमार बुडाल्यावर.

आणि एक गोष्ट हमखास राहून जाते. ही लढाई ना रशियाच्या भूमीवर झाली, ना जपानच्या. शेतं चिनी शेतकऱ्यांची, घरं त्यांची, आणि चीन या युद्धात तटस्थ होता. सप्टेंबरमध्ये अमेरिकेत पोर्ट्समथला तह झाला, तेव्हा बोलणीच्या टेबलावर चीनला जागाच नव्हती.