सायकलस्वार आणि वाहनचालक यांनी एकच रस्ता सुरक्षितपणे कसा वापरावा

पुण्यातील कर्वे रस्ता, सिंहगड रस्ता किंवा सातारा रस्ता यांवर सकाळी सायकल चालवणाऱ्यांमध्ये पेपर टाकणारी मुले, बांधकामावर निघालेले मजूर, रात्रपाळी संपवून घरी परतणारे सुरक्षारक्षक, शाळकरी विद्यार्थी आणि व्यायामासाठी बाहेर पडलेले नोकरदार असे सर्व प्रकारचे लोक असतात. महापालिकेने २०१७ साली शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. तरीही यांपैकी बहुतेकांचा प्रवास आजही मोटारी, बस आणि डंपर यांच्या सोबतीनेच होतो, कारण सायकल मार्ग अनेक ठिकाणी मध्येच संपतात किंवा त्यांवर वाहने उभी केलेली असतात. अशा मिश्र वाहतुकीत दोन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या आहेत, असे माझे मत आहे. एक म्हणजे बाजूचे अंतर, आणि दुसरी म्हणजे पुढच्या क्षणी आपण काय करणार आहोत हे दुसऱ्याला आधी कळणे.

सायकलस्वाराने डाव्या बाजूने चालावे हे सर्वांना माहीत असते, परंतु अगदी कडेला चिकटून चालणे सुरक्षित नसते. कडेलाच चेंबरची झाकणे, सुटलेले पेव्हर ब्लॉक, साचलेली वाळू आणि फुटलेल्या काचा असतात. त्या चुकवण्यासाठी ऐनवेळी उजवीकडे यावे लागते आणि मागून येणाऱ्याला त्याची कल्पना नसते. त्यामुळे कडेपासून साधारण एक मीटर सोडून, शक्य तितक्या सरळ रेषेत चालावे. उभ्या मोटारींच्या रांगेत मध्येच जागा मोकळी दिसली म्हणून आत शिरणे आणि पुन्हा बाहेर येणे टाळावे. अरुंद पुलावर किंवा खोदकामामुळे आक्रसलेल्या रस्त्यावर, जेथे मोटार सुरक्षितपणे शेजारून जाऊच शकत नाही, तेथे मागे पाहून आणि हात दाखवून काही काळ लेनच्या मध्यावर यावे व रस्ता रुंद झाला की पुन्हा डावीकडे जावे. हा आडमुठेपणा नाही. जागा नसताना कोणी शेजारून घुसण्याचा प्रयत्न करू नये, यासाठीची ती स्पष्ट सूचना आहे.

वळसा वाचवण्यासाठी उलट दिशेने येणे मात्र कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय नाही. सायकल ताशी १५ किलोमीटर आणि मोटार ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असेल, तर एकाच दिशेने जाताना दोघांच्या वेगातील फरक २५ असतो. समोरासमोर येताना तोच ५५ होतो आणि सावरायला वेळ उरत नाही.

वाहनचालकाने सायकलला ओलांडणे हे लेन बदलण्यासारखेच गंभीर काम मानावे. आरसा पाहावा, इंडिकेटर द्यावा, समोरचा रस्ता मोकळा असल्याची खात्री करावी आणि किमान दीड मीटर अंतर ठेवून उजवीकडून पुढे जावे. आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या ब्रिटनने २०२२ साली आपल्या वाहतूक संहितेत ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगासाठी हेच अंतर सांगितले आणि अधिक वेग असल्यास अधिक अंतर ठेवण्यास सांगितले. हे अंतर सायकलच्या चाकापासून नव्हे, तर हँडलच्या टोकापासून मोजायचे असते, कारण हँडलच सुमारे ६० सेंटीमीटर रुंद असते आणि चढावर किंवा वाऱ्यात सायकल थोडी डोलतेच. मोठा ट्रक वेगाने जवळून गेला की त्याची हवा सायकलस्वाराला आधी बाहेर ढकलते आणि लगेच आत ओढते; धडक न होताही तोल जाऊ शकतो. ओलांडून झाल्यावर लगेच डावीकडे घुसणे, म्हणजे ज्याला आपण कट मारणे म्हणतो, तेही तितकेच धोकादायक आहे.

जागा नसेल तर मागे थांबावे. ताशी ४० ऐवजी ताशी १५ किलोमीटरने १०० मीटर गेल्यास मोटारचालकाचे केवळ १५ सेकंद जास्त जातात, आणि पुढच्या सिग्नलला ते बहुधा भरूनही निघतात. हॉर्न द्यायचाच असेल तर लांबून, एकदाच आणि थोडक्यात द्यावा. अगदी मागे येऊन दिलेल्या कर्कश हॉर्नने नवखा सायकलस्वार दचकून नेमका उजवीकडे झुकतो.

सर्वांत जीवघेणी परिस्थिती चौकात, मोठ्या वाहनाच्या डाव्या बाजूला निर्माण होते आणि ती नीट समजून घेणे आवश्यक आहे. बस किंवा डंपर डावीकडे वळतो तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, तर वळणाच्या आतल्या बाजूला, म्हणजे पदपथाच्या दिशेने सरकतात. म्हणूनच लांब वाहनाचा चालक वळण्यापूर्वी अनेकदा थोडे उजवीकडे घेतो. त्यामुळे डावीकडे जागा मोकळी होते, सायकलस्वाराला आपल्यासाठी वाट झाली असे वाटते आणि वाहन वळू लागताच तीच जागा मागच्या चाकाखाली येते. केबिन उंच असल्यामुळे शेजारी उभी असलेली सायकल चालकाला दिसतही नाही. सिग्नलला उभ्या असलेल्या मोठ्या वाहनाच्या डावीकडून पुढे सरकण्याचा मोह म्हणून कटाक्षाने टाळावा आणि त्याच्या मागेच थांबावे. आरशात चालकाचा चेहरा आपल्याला दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही असे समजावे. बसथांब्यावर बस आणि पदपथ यांच्यामधून जाऊ नये, कारण तेथेच प्रवासी उतरत असतात.

डावीकडे वळणाऱ्या चालकाने सायकलला ओलांडून लगेच तिच्यासमोर वळू नये; तिला आधी चौक पार करू द्यावा. ट्रकवर क्लीनर असेल तर सिग्नल सुटण्यापूर्वी त्याने डावीकडची जागा डोळ्यांनी पाहून चालकाला सांगावे.

उभ्या मोटारीचे दार अचानक उघडणे हाही नेहमीचा धोका आहे. चालकाने उजवे दार डाव्या हाताने उघडण्याची सवय लावावी, म्हणजे खांदा आपोआप वळतो आणि नजर मागे जाते. मागच्या आसनावरील मुलांनाही हे शिकवावे. सायकलस्वाराने उभ्या मोटारींपासून दाराच्या रुंदीइतके, म्हणजे निदान एक मीटर अंतर ठेवावे.

अंधारात पुढे पांढरा व मागे लाल दिवा, मागे रिफ्लेक्टर आणि फिकट रंगाचे कपडे हवेत. कामावरून परतणाऱ्या अनेकांच्या सायकलींवर यांपैकी काहीच नसते, म्हणून वाहनचालकाने दिवा दिसत नाही म्हणजे रस्ता रिकामा आहे असे गृहीत धरू नये व समोरून सायकल येताना डिपर द्यावा. जूनच्या पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल वर येते, तेव्हा पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणे विशेष निसरडी होतात, त्यांवर वळू नये. रिमवर लागणारे ब्रेक ओले असताना उशिरा धरतात, त्यामुळे ते आधीपासून हलके दाबत राहावे. मागच्या वाहनानेही पावसात अंतर वाढवावे.

सुट्टीच्या दिवशी खडकवासल्याकडे किंवा कात्रज घाटात गटाने जाणाऱ्यांनी वळणावर आणि रहदारीत एकामागून एक चालावे. गट मोठा असेल तर लहान तुकड्या करून मध्ये मोटार मावेल इतकी जागा ठेवावी.

अपघात झालाच तर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकाचे कर्तव्य आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४ अ मुळे सद्हेतूने मदत करणाऱ्या नागरिकाला कायद्याचे संरक्षण आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हा क्रमांक लावावा. हेल्मेट ओढून काढू नये, मान हलवू नये, आणि डोक्याला मार लागलेला सायकलस्वार उठून ‘काही झाले नाही’ म्हणाला तरी त्याला डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा सायकलवर बसू देऊ नये.