जुने संगणकीय गेम रीतसर विकत कसे घ्यावेत आणि ‘अ‍ॅबँडनवेअर’बाबत काय करावे

नव्वदच्या दशकात शाळेच्या संगणक कक्षात ‘डेव्ह’ किंवा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळलेल्या माणसाला आज तसा एखादा गेम पुन्हा खेळावासा वाटला, की तो सर्चमध्ये नाव टाकतो आणि समोर फुकट डाउनलोडची बटणे हजर होतात. अशा संकेतस्थळांवर बहुधा लिहिलेले असते की हा गेम ‘अ‍ॅबँडनवेअर’ आहे, मालकाने तो वाऱ्यावर सोडला आहे, तेव्हा तो घ्यायला हरकत नाही. हे विधान तपासल्याशिवाय मान्य करू नये. कायद्यात असा कोणताही वर्ग नाही, आणि अनेकदा तोच गेम थोडक्या रकमेत, आजच्या संगणकावर चालेल अशा स्थितीत विक्रीला असतो.

आधी विक्रीला आहे का ते पाहा

पहिला शोध जीओजी आणि स्टीम या दोन दुकानांत घ्यावा. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने २००८ मध्ये ‘गुड ओल्ड गेम्स’ या नावाने सुरू केलेले जीओजी मुळातच जुन्या गेमसाठी उभे राहिले, आणि तेथील गेमना कॉपी रोखणारे कुलूप, म्हणजे डीआरएम, नसते. शोधताना मूळ नावाबरोबर मालिकेचे नाव आणि ‘रीमास्टर्ड’, ‘कलेक्शन’ असे शब्दही टाकून पाहावेत, कारण पुष्कळदा मूळ गेम नव्या आवृत्तीच्या संचात असतो.

बनवणारी कंपनी बुडाली म्हणजे गेम बेवारस झाला, ही समजूत किती चुकीची आहे ते ‘सिस्टम शॉक २’वरून कळते. १९९९ मध्ये आलेल्या या गेमच्या निर्मात्यांपैकी लुकिंग ग्लास ही कंपनी २००० मध्ये बंद पडली आणि पुढची कित्येक वर्षे गेम कुठेही विकत मिळेना. अनेकांनी तो टाकून दिलेला समजला. प्रत्यक्षात त्याचे हक्क एका विमा कंपनीकडे गेले होते. २०१२ मध्ये स्टीफन किक या गेम कलाकाराने त्या कंपनीशी संपर्क साधला, परवाना मिळवला, नाइटडाइव्ह ही कंपनी उभी केली, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये हा गेम जीओजीवर रीतसर विक्रीला आला. त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वी शोधून न मिळालेला गेम आज पुन्हा शोधून पाहणे केव्हाही योग्य.

मालकानेच फुकट दिला आहे का?

काही गेम मालकांनी स्वतःहून विनामूल्य केले आहेत. ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा १९९४ चा गेम २००३ पासून फुकट मिळतो. ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतील ‘अरीना’ २००४ मध्ये आणि ‘डॅगरफॉल’ २००९ मध्ये बेथेस्डाने मोफत केला, तर पहिला ‘कमांड अँड कॉन्कर’ इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २००७ मध्ये. येथे परवानगी स्पष्ट आहे, म्हणून मनात किंतु बाळगण्याचे कारण नाही.

मात्र एक भेद नीट लक्षात घ्यावा. ‘डूम’ या गेमचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमची मूळ संहिता, १९९७ मध्ये खुला झाला, परंतु चित्रे, आवाज आणि नकाशे असलेल्या त्याच्या डेटा फाइल्स आजही मालकाच्याच आहेत, मोफत वाटायला परवानगी आहे ती शेअरवेअर, म्हणजे नमुन्यादाखल वाटलेल्या, आवृत्तीतल्या पहिल्या भागापुरती. कोड खुला झाला म्हणजे संपूर्ण गेम खुला झाला, असे होत नाही.

खरेदी करताना

पैसे देण्यापूर्वी गेमच्या पानावरील सिस्टमची अट वाचावी आणि खेळणाऱ्यांच्या ताज्या अभिप्रायांवर नजर टाकावी. दहा वर्षांपूर्वीच्या अभिप्रायावरून तो गेम विंडोज ११ वर चालतो की नाही हे समजत नाही. तांत्रिक अडचणी आणि त्यांवरचे उपाय पीसीगेमिंगविकी या संकेतस्थळावर गेमवार मिळतात.

परदेशी दुकानात कार्ड नाकारले गेले, तर आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार सुरू आहेत का ते तपासावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार नव्या कार्डांवर ही सोय ग्राहकाने स्वतः सुरू करायची असते. डॉलरमध्ये पैसे दिल्यास बँक चलनबदलाचे शुल्क लावते, तेही हिशेबात धरावे.

परताव्याचे नियम दोन्हीकडे वेगळे आहेत. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. जीओजीवर तांत्रिक कारणासाठीच नव्हे, तर एरवीही ३० दिवसांपर्यंत मागता येतात. केवळ ‘की’, म्हणजे गेम सुरू करण्याचा सांकेतिक क्रमांक, विकणाऱ्या तिसऱ्याच दुकानात अर्ध्या किमतीत गेम दिसला तरी तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती की कुठून आली हे कळण्याचा मार्ग नसतो, आणि ती रद्द झाली तर दाद मागायला जागा उरत नाही.

उतरवून ठेवा

ऑनलाइन खरेदीत आपण बहुतेक वेळा गेम नव्हे, तर तो वापरण्याचा परवाना विकत घेत असतो, आणि ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम हे खरेदीच्या वेळीच लिहून दाखवते. जीओजीवर याला चांगला उतारा आहे. आपल्या लायब्ररीतील गेमवर क्लिक केल्यावर ‘ऑफलाइन बॅकअप इन्स्टॉलर’चा विभाग दिसतो, तेथील सर्व फाइल्स उतरवून बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवाव्यात. मोठ्या गेमचा इन्स्टॉलर अनेक तुकड्यांत असतो आणि एक जरी तुकडा राहिला तर बाकीच्यांचा उपयोग होत नाही, म्हणून एकदा इंटरनेट बंद करून इन्स्टॉल करून पाहावे.

डॉस या विंडोजपूर्व प्रणालीच्या काळातील गेमसोबत जीओजी सहसा डॉसबॉक्स हा, असे गेम आजच्या संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम जोडूनच देते, तेव्हा वेगळी जुळवाजुळव करावी लागत नाही. ऑल्ट आणि एंटर एकत्र दाबल्यास खेळ पूर्ण पडद्यावर जातो. माउस खिडकीत अडकला तर कंट्रोल आणि एफ१० दाबून सुटतो. पात्रे भलत्याच वेगाने पळत असतील तर कंट्रोल आणि एफ११ थोडे थोडे दाबून वेग कमी करावा, अडखळत असतील तर कंट्रोल आणि एफ१२ ने वाढवावा.

घरात जुनी सीडी असेल तर

आपण रीतसर घेतलेल्या सीडीची प्रत नष्ट होण्यापासून जपण्यासाठी बॅकअप घेण्यास कॉपीराइट कायदा १९५७ चे कलम ५२ परवानगी देते. सीडी खराब होण्याआधी तिची इमेज फाइल, म्हणजे सबंध सीडीची एका फाइलमधील हुबेहूब प्रत, बनवून ठेवावी. तथापि आजच्या ६४ बिट विंडोजवर जुन्या काळचे १६ बिट प्रोग्रॅम थेट चालत नाहीत, आणि सेफडिस्क हे कॉपी रोखणारे संरक्षण असलेल्या मूळ सीडी विंडोज १० पासून अडून बसतात, कारण मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणास्तव त्या संरक्षणाला लागणाऱ्या ड्रायव्हरचा (सहायक प्रोग्रॅमचा) आधार काढून घेतला. अशा वेळी तोच गेम पुन्हा विकत घेणे मनाला लागते, पण बहुधा तोच कमी त्रासाचा मार्ग ठरतो.

कुठेच मिळत नसेल तर

आता खरा प्रश्न. ‘नो वन लिव्हज फॉरएव्हर’ हा २००० चा नावाजलेला गेम कोणत्याही डिजिटल दुकानात मिळत नाही. नाइटडाइव्हने तो परत आणण्याचा प्रयत्न केला, परंतु हक्क वॉर्नर ब्रदर्स, अ‍ॅक्टिव्हिजन आणि फॉक्स यांच्यात नेमके कसे विभागले आहेत याचा उलगडा होऊ शकला नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम बाजारात उपलब्ध नाहीत.

तरीही कायदा तोच राहतो. कंपनीसाठी बनवलेल्या गेमचा कॉपीराइट अमेरिकेत प्रकाशनापासून ९५ वर्षांपर्यंत टिकू शकतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा सर्वसाधारण नियम आहे. भारतीय कायद्याच्या कलम ६३ ब प्रमाणे बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हाही गुन्हा आहे, मग त्यात आर्थिक लाभ असो वा नसो. लाभ नसल्यास न्यायालय कैद न देता ५०,००० रुपयांपर्यंत दंड करू शकते. इंटरनेट अर्काइव्ह या डिजिटल संग्रहालयावर हजारो डॉस गेम ब्राउझरमध्ये खेळता येतात, पण ते तेथे आहेत म्हणून प्रत्येकाला मालकाची परवानगी आहे, असे समजू नये.

जो गेम पैसे देऊनही मिळत नाही, तो उतरवून घेणाऱ्याला मी चोर म्हणणार नाही. दोष मुख्यतः अशा व्यवस्थेचा आहे, जी विकतही नाही आणि जपूही देत नाही. अभ्यासकांना ग्रंथालयांतील जुने गेम दुरून वापरता यावेत ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली, हे मला फार चुकीचे वाटते. मात्र विक्रीला असलेला गेम ‘जुना तर आहे’ म्हणून फुकट घेणे याहून वेगळे आहे. त्यामुळे असे गेम नव्या संगणकांवर चालते ठेवणाऱ्यांचे उत्पन्न बुडते.

मिळत नसलेल्या गेमसाठी जीओजीच्या ‘ड्रीमलिस्ट’ या यादीत मत नोंदवावे. हक्कधारकाशी बोलणी करताना मागणी दाखवायला ही मते कामी येतात. मालक कंपनी ठाऊक असेल तर तिच्या ग्राहक विभागालाही गेमचे नाव, प्रकाशनाचे वर्ष आणि आपण तो विकत घेण्यास तयार आहोत एवढे लिहून कळवावे.