ऑफिसातला प्रिंटर सगळ्यांना कसा जोडून द्यावा

पाच-सहा जणांच्या ऑफिसात प्रिंटर बहुतेक वेळा यूएसबी केबलने एकाच कॉम्प्युटरला लावलेला असतो आणि बाकीचे त्याच्यावरून शेअरिंग घेतात. चालतं. पण त्या टेबलावरचा माणूस साडेपाचला मशीन बंद करून घरी गेला, की उरलेले पेन ड्राइव्ह घेऊन खाली झेरॉक्सवाल्याकडे. आमच्याकडे हे नेमकं रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी झालं. म्हणून प्रिंटरला लॅन पोर्ट, म्हणजे नेटवर्क केबलची खाच, असेल तर तो थेट राउटरला जोडा. वायफायही असेल, तरी केबलच लावा. प्रिंटर काही जागचा हलत नाही, त्याला वायफाय कशाला?

प्रिंटर चालू करून त्याच्या मेनूतून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापा. त्यावर दोन ठिकाणी पेनाने गोल करा: आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, १९२.१६८.१.२३ असं काहीतरी, आणि मॅक ॲड्रेस, म्हणजे प्रिंटरचा स्वतःचा ओळख क्रमांक, दोन-दोन अक्षर-आकड्यांच्या सहा जोड्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच लोक सोडून देतात. हा आयपी राउटरने ठरावीक मुदतीपुरता दिलेला असतो. वीज जाऊन राउटर पुन्हा चालू झाला की कधीतरी २३ चा ३१ होतो. कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो. स्क्रीनवर ‘ऑफलाइन’, आणि प्रिंटर शेजारी हिरवा दिवा लावून निवांत! यासाठी राउटरच्या सेटिंगमध्ये जा, डीएचसीपी (राउटरची पत्ते वाटायची सोय) या भागाखाली ॲड्रेस रिझर्व्हेशन शोधा आणि प्रिंटरच्या मॅक ॲड्रेसपुढे एक आयपी कायमचा लिहून टाका, समजा १९२.१६८.१.५०. प्रिंटर बंद-चालू करा, पुन्हा तेच पान छापा. ५० आला का बघा. नसेल आला तर पुढे जाऊ नका, मॅक ॲड्रेस टाइप करताना एखादं अक्षर चुकलं असणार.

मग प्रत्येक कॉम्प्युटरवर प्रिंटरच्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, उतरवून घ्या. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, ॲड डिव्हाइस. यादीत प्रिंटर आपोआप दिसेल, पण मोह आवरा. तिथून जोडलेला प्रिंटर अनेकदा डब्ल्यूएसडी पोर्टवर (विंडोजने प्रिंटर आपोआप शोधून जोडायची पद्धत) बसतो आणि मधूनच रुसतो. थोडं थांबलात की ‘ॲड मॅन्युअली’ येतं. त्यात आयपी ॲड्रेसचा पर्याय घ्या, प्रकार टीसीपी/आयपी डिव्हाइस निवडा, ५० वाला पत्ता टाका. टेस्ट पेज काढा.

लगेच प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये कागद ए४ आहे ना, तेही बघा. काही ड्रायव्हर लेटर साइझ धरून बसतात. लेटर २१६ बाय २७९ मिलिमीटर, ए४ २१० बाय २९७. मग ट्रे गच्च भरलेला असूनही प्रिंटर कागद मागत राहतो.

एखादी प्रिंट अडकून मागे रांग लागली, तर दहादा प्रिंट दाबू नका. त्याच कॉम्प्युटरच्या सर्व्हिसेसमध्ये प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) थांबवा, सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स, या शेवटच्या फोल्डरमधल्याच फायली पुसा, स्पूलर पुन्हा चालू करा. त्या कॉम्प्युटरवरच्या रांगेतल्या सगळ्याच प्रिंट जातात, त्या पुन्हा द्याव्या लागतात.

पगारपत्रकं छापणाऱ्यांनी ड्रायव्हरमध्ये पिन देऊन छापायची सोय आहे का ते पाहावं. असेल तर प्रिंटरपाशी जाऊन पिन टाकेपर्यंत कागद बाहेर येत नाही.

पाहुण्यांच्या वायफायवर असलेल्या लॅपटॉपला हा प्रिंटर सहसा दिसणार नाही. ते तसंच राहू द्या. आणि तो आयपी एका स्टिकरवर लिहून प्रिंटरच्या दर्शनी बाजूला चिकटवा.