सोन्याची चेन घेताय? आधी विचारा, भरीव का पोकळ

सोनाराकडे चेन बघायला गेलं की आपले दोनच प्रश्न ठरलेले असतात, किती ग्रॅमची आणि कितीला बसेल. भरीव आहे का पोकळ हे कोणी विचारतच नाही. मीही नव्हतं विचारलं. छान जाड दिसणारी रोप चेन (दोरीसारखी पिळाची), वजन फक्त ११ ग्रॅम, मला वाटलं काय डिझाइन आहे, कमी सोन्यात भरगच्च दिसतंय, घेतली आणि तीत मंगळसूत्राच्या वाट्या अडकवून रोज घालायला लागले. दोन वर्षांत कडेवरच्या पोराने ओढून ओढून तिची पार वाट लावली आणि एक दिवस टॉवेलमध्ये अडकून ती तुटलीच. घराजवळच्या सोनारकाकांनी तुटलेली कडी चिमट्यात धरली, भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले बघा. आत चक्क बोगदा, बाजूचा पत्रा कागदाएवढा आणि त्या नळीत साबण-घामाचा काळा मळ साचलेला. "वहिनी, सोल्डर मारायला गेलो तर शेजारची कडी पण वितळेल," असं म्हणून त्यांनी चेन परत पुडीत बांधून दिली.

तर एक गैरसमज आधी काढून टाका, पोकळ म्हणजे खोटं नाही. पोकळ चेनसुद्धा २२ कॅरेटची, ९१६ हॉलमार्कवाली असू शकते आणि माझी होतीच. हॉलमार्क फक्त शुद्धता सांगतो, आत सोनं भरलंय का हवा हे सांगत नाही. १ एप्रिल २०२३ पासून दुकानदाराला सहा अंक-अक्षरांच्या एचयूआयडीशिवाय (प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळख नंबर) हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, तो नंबर सरकारच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघाच, पण तिथेही भरीव-पोकळचं उत्तर मिळणार नाही, ते आपणच शोधायचं.

ह्या चेन बनतात कशा ते कळलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं. तांब्यासारख्या स्वस्त धातूच्या तारेवर सोन्याचा पातळ पत्रा गुंडाळतात, त्या तारेच्या कड्या करून चेन विणतात आणि मग अ‍ॅसिडमध्ये टाकून आतली तार विरघळवून काढतात, सोन्याला काही होत नाही, नळी तेवढी उरते. अ‍ॅसिड आत जायला फट लागते ना, त्याच फटीतून पुढे आपला घाम, शाम्पू, परफ्यूम सगळं आत जातं आणि बाहेर येत नाही. आणि कडीवर कडी घासून सोनं झिजतं ते तर प्रत्येक चेनमध्ये झिजतं, फक्त भरीव कडीत झिजायला माल असतो, पोकळ कडीला लवकर भोक पडतं. पोचा पडला तर तोही निघत नाही, कारण आतून उचलायला जागाच नाही.

दुकानात ओळखायचं कसं? सगळ्यात सोपं म्हणजे एकाच लांबीच्या आणि साधारण एकाच जाडीच्या, एकाच विणीच्या दोन चेन शेजारी शेजारी ठेवायला सांगा आणि दोन्ही काट्यावर टाका. १ मिलिमीटर जाडीच्या पोकळ तारेची भिंत, म्हणजे बाजूचा पत्रा, ०.१५ मिलिमीटर धरली तर तीत तेवढ्याच जाडीच्या भरीव तारेच्या निम्मंच सोनं बसतं, म्हणजे फरक थोडाथोडका नसतो, हातात घेतल्यावरही कळतो. मग चेन तळहातात गोळा करून हलकेच वरून खाली सोडा, भरीव चेन जड आवाज करत एकदम बसते, पोकळ जरा पत्र्यासारखी खुळखुळते (दोन-चार चेन करून बघितल्या की कान तयार होतो, पहिल्याच वेळी नाही कळणार). आणि भिंग मागा, लाजायचं नाही, कडीच्या आतल्या बाजूला पत्र्याची दोन टोकं मिळतात तिथे बारीक रेघ दिसते का बघा. एवढं करून सेल्समन "सेमी सॉलिड आहे मॅडम" म्हणाला तर समजायचं की पोकळच आहे, भिंत जरा जाड असेल एवढंच. बिलावर वर्णनात भरीव किंवा पोकळ असं लिहून मागा, मला आजपर्यंत कोणी नाही म्हटलेलं नाही, फक्त चेहरे बदलतात.

आता पैशाचं. समजा हिशोब सोपा जावा म्हणून २२ कॅरेटचा १० ग्रॅमचा भाव १ लाख धरू, आणि १० ग्रॅमच्या दोन चेन आहेत, साध्या भरीव चेनची घडणावळ ८ टक्के आणि नाजूक पोकळ डिझाइनची १६ टक्के. ३ टक्के जीएसटी धरून पहिली पडते १,११,२४० ला आणि दुसरी १,१९,४८० ला. मोडायला गेल्यावर मात्र दोन्हीत सोनं तेवढंच, १० ग्रॅम, घडणावळ कोणी परत देत नाही. म्हणजे जाड दिसण्याचे ८,२४० रुपये गेले ते गेलेच. टक्के दुकानागणिक बदलतात, पण घडणावळ आणि घट (घडवताना वाया जाणारं सोनं) वेगवेगळी लावताय का एकत्र, हे भाव बोलायच्या आधी विचारा. कमी ग्रॅममध्ये जाड चेन मिळाली म्हणून आनंद होतो ना, तो ह्या आकड्यापुढे जरा तपासून घ्यायचा.

तसं पोकळ दागिने आपल्याला नवीन नाहीत, आज्जीची बोरमाळ आठवा, मणी पोकळ पण आत लाख भरलेली, म्हणून ते सहजासहजी चेपत नाहीत. तिथे काळजी वेगळी, एकूण वजन आणि निव्वळ वजन बिलावर वेगळं हवं, नाहीतर लाखेला सोन्याचा भाव दिला जातो. अशा मण्यांजवळ ज्योत नेऊ देऊ नका, लाख वितळते.

मग घ्यायची कुठली? रोज घालायची असेल, वाट्या किंवा जड पेंडंट लटकवायचं असेल, घरात लहान पोर असेल किंवा नवऱ्याला झोपतानाही चेन काढायची सवय नसेल तर डोळे झाकून भरीव, मग ती बारीक का दिसेना. लग्नात, सणाला, वर्षातून आठ-दहा वेळा घालायची आणि परत डब्यात ठेवायची असेल तर पोकळ घ्यायला माझा काही विरोध नाही, मोठ्या लांबीची जाड चेन भरीव घ्यायची म्हटली तर बजेटही जातं आणि मानही दुखते. फक्त तिच्यात पेंडंट नको, आणि ठेवताना गुंडाळून कोंबायची नाही, लांब ठेवायची, कारण एकदा मोडल्यासारखी वाकली की ती खूण तशीच राहते. (सापासारखी गुळगुळीत, घट्ट विणीची स्नेक चेन भरीव असली तरी हेच करते, म्हणून ती रोजच्याला मी सुचवतच नाही.) चांदीत तर फार विचारच करू नका, तेवढ्याच वजनाची चांदी सोन्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते, भरीवच घ्या.

धुताना भरीव चेन रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने घासली तरी चालते, पोकळ मात्र भिजत घालू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडी करा.

माझी ती ११ ग्रॅमची शेवटी मोडीत दिली आणि आणखी थोडे पैसे घालून १२ ग्रॅमची भरीव कर्ब चेन (चपट्या, एकमेकींत बसणाऱ्या कड्यांची) घेतली. सासूबाई बघून म्हणाल्या, "आधीची भारी दिसायची गं." दिसायची खरी. आता ह्या चेनला तीन वर्षं झाली, पोरगा अजून लोंबकळतोच, आत्तापर्यंत फक्त हुकाजवळची कडी एकदा उघडली, ती काकांनी दहा मिनिटांत सोल्डर मारून दिली, म्हणून तुम्ही घेताना हुक आणि त्याच्या शेजारची कडी पण बोटाने ओढून बघा, चेन भरीव आणि हुक फुसका असंही देतात.