नव्या खोक्यातले जुने यंत्रमानव: या चुका टाळा

‘काका, हे ओरिजिनल आहे ना?’ असे विचारत कोणी ट्रान्सफॉर्मर्सचे, म्हणजे वाहनाचा यंत्रमानव होणारे, खेळणे घेऊन घरी आले, की माझ्यासमोर सर्वांत आधी खोका धरला जातो. त्यावरचे चित्र, मागची गुणांची पट्टी, न फुटलेले सील, सगळे बोट ठेवून दाखवले जाते, आणि खेळणे मात्र तोवर पिशवीतच असते. गेली वीस वर्षे मी हे यंत्रमानव जमवतो आहे आणि या काळात पाहिलेल्या बहुतेक चुकांचे मूळ मला याच सवयीत सापडले आहे. लोक खोका बारकाईने वाचतात आणि खेळणे वाचायचे राहून जाते.

रीइश्यू म्हणजे काय, हे आधी स्पष्ट असायला हवे. जुने खेळणे कंपनीने त्याच साच्यातून पुन्हा काढले, की ते रीइश्यू. अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने १९८४ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ बाजारात आणले, तेव्हाही त्यांतले बहुतेक साचे नवे नव्हते. जपानच्या टकारा कंपनीच्या ‘डायाक्लोन’ आणि ‘मायक्रो चेंज’ या मालिकांतून ते घेतलेले होते. आपण ज्याला ऑप्टिमस प्राइम म्हणतो तो ट्रकचा यंत्रमानव डायाक्लोनमधला ‘बॅटल कॉन्व्हॉय’ होता आणि मेगाट्रॉन हे मायक्रो चेंजमधले वॉल्थर पी-३८ पिस्तूल होते. पुढे तेच यंत्रमानव २००२ पासून अमेरिकेत ‘कमेमोरेटिव्ह सीरिज’ म्हणून आले, २००७ पासून जपानमध्ये ‘एन्कोर’ म्हणून आले, आणि २०१८ पासून वॉलमार्टसाठी पुन्हा जुन्या धर्तीच्या खोक्यांत आले. एका यंत्रमानवाचे असे चार-पाच अवतार असताना खोक्यावरून काळ ठरवणे धोक्याचे आहे.

ठशातले साल हे जन्मसाल नव्हे

ही चूक मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते, कारण तिच्यात कष्टाचे पैसे जातात. काही वर्षांपूर्वी कल्याणहून एक महाविद्यालयीन मुलगा माझ्याकडे आला. महाजालावरच्या एका जाहिरातीवरून त्याने ऑप्टिमस प्राइम ठरवला होता आणि संध्याकाळी सातच्या सुमारास दादर स्थानकाच्या पुलावर, लोकल सुटण्याच्या घाईत, बावीस हजार रुपये रोख देऊन तो ताब्यात घेतला होता. विक्रेत्याने त्याला खेळण्यावरचा स्वामित्वहक्काचा ठसा मोबाईलच्या उजेडात दाखवला, त्यातल्या ऐंशीच्या दशकातल्या सालावर बोट ठेवले आणि ‘तुझ्या जन्माच्या आधीचा माल आहे’ असे सांगितले. दोन वर्षे शिकवण्या घेऊन साठवलेली ती रक्कम होती.

मी खेळणे खिडकीपाशी नेले. ट्रकच्या दोन्ही बाजूंना धूर सोडणाऱ्या ज्या उभ्या नळ्या असतात, त्या आखूड होत्या. हॅस्ब्रोने ‘कमेमोरेटिव्ह’ आवृत्ती काढताना मुलांच्या सुरक्षेचे अमेरिकी नियम पाळण्यासाठी या नळ्यांची लांबी कमी केली होती, हे या छंदातल्या कोणत्याही जुन्या माणसाला ठाऊक असते. नंतर मी खोका हातात घेतला. त्याच्या तळाशी, बारीक अक्षरांत, संकेतस्थळाचा पत्ता छापलेला होता. १९८४ च्या खोक्यावर तो असणे शक्यच नाही. मुलगा तरीही म्हणत होता, ‘पण काका, साल तर लिहिलंय ना?’ विक्रेत्याचा फोन त्या दिवसापासून बंद लागत होता. खेळणे नकली नव्हते, उत्तम स्थितीतले अस्सल रीइश्यू होते, आणि म्हणूनच त्याची समजूत घालणे मला फार जड गेले.

ठशातले साल हे रचनेच्या हक्काचे साल असते. साचा ज्या वर्षी तयार झाला ते वर्ष त्यावर कोरले जाते आणि पुढे तोच साचा वीस वर्षांनी कारखान्यात चढवला, तरी जुने साल बहुधा तिथेच राहते. त्यामुळे ठसा पूर्ण वाचावा लागतो. सालांची रांग असेल तर तिच्यातले शेवटचे साल पाहावे. कंपनीचे नाव पाहावे: टकारा आणि टोमी या कंपन्या २००६ मध्ये एक झाल्या, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर्सच्या खेळण्यावर किंवा खोक्यावर टोमीचे नाव असेल तर तो माल त्यानंतरचा आहे. देशाचे नाव पाहावे: सुरुवातीच्या खेळण्यांवर जपानचे नाव वारंवार दिसते, तर अलीकडचे उत्पादन चीन किंवा व्हिएतनाममधले असते. यांतली एकच खूण पुरेशी मानू नये.

माझी स्वतःची पद्धत ठरलेली आहे आणि ती मी मोडत नाही. दिवसाउजेडीच पाहायचे. सोबत दहापट मोठे दाखवणारे भिंग ठेवायचे. आधी खेळणे उलटे करून त्याचे तळवे आणि पाठ पाहायची, मग सांध्यांचे स्क्रू, मग स्टिकर, आणि खोका सर्वांत शेवटी. स्थानकावर, पुलावर किंवा रिक्षात व्यवहार करायचा नाही. समोरचा माणूस घाई करत असेल तर नमस्कार करून परत यायचे. चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटच्या शुक्रवारच्या बाजारात या पद्धतीमुळे काही चांगल्या वस्तू माझ्या हातून गेल्या आहेत आणि मला त्याची खंत नाही.

उलट बाजूची चूकही तितकीच नेहमीची आहे. बोटाने घासल्यावर उष्णतेने रंग बदलून निशाणी दाखवणारे छोटे चौकोनी स्टिकर ट्रान्सफॉर्मर्सवर १९८५ पासून येऊ लागले. १९८४ च्या खेळण्यावर ते नाही म्हणून त्याला नकली ठरवणारे, आणि अस्सल मूळ खेळणे कवडीमोलाने विकून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. तसेच आयएसआय चिन्हाचे. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून विक्रीच्या खेळण्यांवर ते सक्तीचे झाले; जपानमधून कोणी स्वतःसाठी आणलेल्या खोक्यावर ते नसणारच, आणि तेवढ्यावरून त्या वस्तूच्या अस्सलपणाबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

नाव वेगळे म्हणून खेळणे वेगळे समजू नका

जपानी खोक्यावर ऑप्टिमस प्राइमचे नाव ‘कॉन्व्हॉय’ असते, जॅझचे ‘मायस्टर’ आणि बंबलबीचे ‘बंबल’. हॉट रॉड तिकडे ‘हॉट रॉडिमस’ म्हणून विकला जातो आणि ‘कमेमोरेटिव्ह’ मालिकेत तोच ‘रॉडिमस मेजर’ या नावाने आला होता. ही तीन नावे तीन वेगळी खेळणी आहेत असे समजून तिन्ही विकत घेतलेला एक स्नेही माझ्या ओळखीचा आहे. तीन खोके ज्याला हवेच आहेत त्याने ते जरूर घ्यावेत, पण आत खेळणे तेच आहे हे ठाऊक असताना घ्यावेत.

याच्या नेमकी उलट फसगत ‘मिसिंग लिंक’ या मालिकेने होऊ लागली आहे. २०२४ मध्ये तिचा पहिला कॉन्व्हॉय आला. दिसायला तो थेट १९८४ चा वाटतो, पण आतली रचना नव्याने केलेली आहे आणि जुन्याला कधीही नव्हते असे सांधे त्याच्या हातापायांना आहेत. हे रीइश्यू नाही, जुन्या रूपातले नवे खेळणे आहे. मला स्वतःला ते फार आवडते. मात्र रीइश्यूच्या शोधात असलेल्या माणसाने हातापायांना हे जादा सांधे आहेत का एवढे पाहिले, तरी त्याचा गैरसमज दूर होईल.

पावसाळ्यात खोका बंद करू नका

आता खोक्याविषयी बोलतो, कारण मुंबईत तो सांभाळणे हे खेळणे सांभाळण्याहून अवघड आहे. मी माहीमला राहतो. घराची पश्चिमेची भिंत समुद्राकडे आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती हाताला ओलसर लागते. छंदाच्या सुरुवातीच्या वर्षांत, एका जूनमध्ये, पहिल्या सरी पडून गेल्यावर मला काळजी वाटली म्हणून मी नऊ सीलबंद रीइश्यू जाड, पारदर्शक, मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांत घातले, कडा चिकटपट्टीने हवाबंद केल्या आणि त्याच भिंतीच्या कपाटात रचून ठेवले. आता पाणी आत जाणार नाही, याचे मला समाधान होते. दिवाळीच्या साफसफाईत कपाट उघडले. पुठ्ठा फुगून कडांवर सुटला होता, खोक्याच्या खिडकीच्या पारदर्शक पडद्याला सुरकुत्या पडल्या होत्या, आतल्या बाजूने राखाडी बुरशीचे ठिपके आले होते आणि दोन खोक्यांची शाई पिशवीला चिकटून सोलली गेली. आत स्टारस्क्रीम या यंत्रमानवाच्या स्क्रूंवर गंज धरला होता. सील नऊच्या नऊ शाबूत होते.

चूक पिशवीत घालण्याची नव्हती, वेळेची आणि पिशवीच्या जातीची होती. पुठ्ठा हवेतली ओल शोषून घेतो. जूनमध्ये तो आधीच ओल प्यायलेला असतो, आणि त्याच वेळी त्याला हवाबंद केले की ती ओल चार महिने आतच राहते. मऊ पारदर्शक पिशव्या बहुधा पीव्हीसीच्या असतात. त्यांना मऊपणा देणारे द्रव्य हळूहळू बाहेर झिरपते आणि छपाईला, स्टिकरला, उघड्या प्लास्टिकला चिकट करून सोडते. तेव्हापासून मी जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांतच खोके गुंडाळतो, त्यासाठी पॉलिप्रॉपिलीनच्या कुरकुरीत पिशव्या वापरतो, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो आणि बाहेरच्या भिंतीला लागून काहीही ठेवत नाही. निळे सिलिका जेल ओल भरल्यावर गुलाबी होते; ते तापवून पुन्हा वापरता येते, पण त्यातला निळा रंग विषारी असल्यामुळे स्वयंपाकाची भांडी त्यासाठी कधीही घेऊ नयेत. कपाटात एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा साठ टक्क्यांच्या पुढे गेला की पुड्या बदला. माळ्यावर खोके टाकून वर्षभर न पाहणाऱ्यांना मी रीइश्यू घेऊच नका असे सांगतो, आणि ते मनापासून सांगतो.

पांढरे प्लास्टिक उन्हाने पिवळे पडते, म्हणून काचेच्या कपाटावर खिडकीतले ऊन येऊ देऊ नका.

सांध्याशी जोर करू नका

खेळणे हातात आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत ते ट्रकचे माणूस आणि माणसाचे ट्रक करून पाहायची घाई नव्यांना अनावर होते. सूचनापत्रक उघडलेलेही नसते. मोबाईलवरच्या चित्रफितीत हात सहज फिरतो, इथे तो फिरत नाही, मग अंगठ्याने दाब दिला जातो आणि प्लास्टिकवर पांढरी रेघ उमटते. ती रेघ कशानेही जात नाही. घट्ट सांधा केस वाळवण्याच्या यंत्राच्या अगदी मंद हवेने किंचित कोमट करा आणि मग हलवून पाहा. खोबरेल किंवा शिवणयंत्राचे तेल घालू नका, कारण काही प्लास्टिक तेलाने कालांतराने तडकते. फार गरज पडल्यास सिलिकॉन तेलाचा थेंब सुईच्या टोकाने द्या. सोनेरी चकाकी मिसळलेले जुने प्लास्टिक वयाने ठिसूळ होते आणि हाताळताच त्याचा चुरा होऊ शकतो. अशा मूळ खेळण्याला मी रूपांतरित करतच नाही. त्यासाठी रीइश्यू असेल तर ते वापरतो.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. केओ, म्हणजे नकली प्रती, मूळ साच्यावरून काढल्या जातात, पण ठशाच्या जागी बहुधा कोरा, घासलेला चौकोन असतो. बोट फिरवून पाहा. परदेशी किंमत पाहून हिशेब करू नका, कारण खेळण्यांवरचे मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले, आणि स्वतःपुरते मागवलेल्या पार्सलवरही कर, शिवाय टपालखर्च, द्यावाच लागतो. मेगाट्रॉन विमानाच्या हातातल्या सामानात आणायला कोणालाही सांगू नका. ते पिस्तुलासारखे दिसते आणि सुरक्षा तपासणीत काढून घेतले जाईल. दुकानाची किमतीची चिठ्ठी नखाने ओरबाडू नका. स्टिकर पावसाळ्यात लावू नका. आणि रीइश्यू गुंतवणूक म्हणून घेऊ नका, कारण ज्या कंपनीने तो साचा एकदा पुन्हा काढला तिला तो आणखी एकदा काढण्यापासून कोणी अडवलेले नाही.

राहिला सील फोडण्याचा प्रश्न. मूळ १९८४ चे सीलबंद खेळणे मी उघडणार नाही. रीइश्यू मात्र मी आठवड्याच्या आत उघडतो, कारण कारखान्यात राहून गेलेला भाग तेव्हाच कळतो आणि विक्रेत्याकडे तक्रार करायला मुदत उरलेली असते. खोक्याची झडप धारदार पात्याने फक्त चिकटपट्टीवर कापायची, ट्रे सरळ बाहेर काढायचा आणि सूचनापत्रकातल्या चित्राशी एकेक भाग ताडून पाहायचा. ऑप्टिमसच्या दोन्ही मुठी सुट्या असतात आणि सर्वांत आधी त्याच हरवतात. स्टारस्क्रीमच्या मुठी, पंख आणि क्षेपणास्त्रे वेगळी मोजायची. सगळे भाग मिळाले की एका पांढऱ्या कापडावर मांडून फोटो काढायचा, सूचनापत्रक शेजारी उघडे ठेवायचे, आणि मगच पहिला सांधा हलवायचा.