मुंबई ते लंडन: विमानाचं अंतर आणि वेळ घरच्या घरी कशी काढावी

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. पृथ्वी गोल, कागद सपाट. त्यामुळे सर्वांत जवळचा मार्ग कागदावर उत्तरेकडे फुगलेल्या कमानीसारखा दिसतो. शिवाय एका रेखांशाची रुंदी मुंबईपाशी सुमारे 105 किमी, तर लंडनपाशी जेमतेम 69 किमी असते. मग एकच प्रमाण दोन्हीकडे लागू पडणार कसं?

अंतर. 30 सेमी व्यासाचा पृथ्वीगोल आणि साधा शिवणाचा दोरा घ्या (लोकर ताणली जाते, ती नको). दोरा दोन्ही शहरांमध्ये घट्ट धरून पट्टीवर मोजा. या आकाराच्या गोलावर 1 सेमी म्हणजे सुमारे 425 किमी. मुंबई–लंडन 17 सेमी भरतं, म्हणजे साधारण 7,200 किमी. तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर सव्वाशे किमीचा फरक पडतो, तेवढं चालायचंच.

नेमका आकडा हवा असेल तर कॅल्क्युलेटर घ्या. मुंबई विमानतळ 19.09 उत्तर, 72.87 पूर्व, लंडनचं हीथ्रो विमानतळ 51.47 उत्तर, 0.45 पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार मिळवा. बेरीज 0.425 येते. तिचा उलटा कोसाइन (cos⁻¹) 64.9 अंश, गुणिले 111.2 (पृथ्वीच्या पृष्ठभागावर एका अंशाचे इतके किमी), म्हणजे सुमारे 7,210 किमी. चुका दोनच ठिकाणी होतात. एक, लंडन पश्चिम रेखांशावर असल्याने 72.87 आणि 0.45 यांची बेरीज करायची असते, लोक वजाबाकी करतात. दुसरी, कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर असतो आणि उत्तर भलतंच येतं.

वळसा. हवाई मार्ग, वादळं, बंद आकाश यांसाठी तीन-चार टक्के वाढवा: 7,500 किमी धरा. कधी वळसा याहून मोठा असतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणारी त्यांची विमानं लांबून जाऊ लागली.

वेळ. मोठं जेट विमान ताशी 900 किमीच्या आसपास उडतं. पण दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, हिवाळ्यात तर जास्तच. सगळ्या मार्गाची सरासरी म्हणून ताशी 50 किमी धरा: जाताना वजा, येताना अधिक. 7,500 भागिले 850 म्हणजे 8 तास 50 मिनिटं; येताना 950 ने भागून 7 तास 55 मिनिटं. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं-उतरणं यांची 40 मिनिटं दोन्हीकडे मिळवा. जायला साडेनऊ तास, यायला साडेआठच्या थोडं वर.

तिकिटाशी ताळा. इथेच सर्वांत जास्त घोळ होतो, कारण तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. समजा, जानेवारीत दुपारी 1 ला निघून संध्याकाळी 6 ला लंडन. प्रवास पाच तासांचा नाही. लंडन साडेपाच तास मागे आहे, म्हणून 5 अधिक साडेपाच, साडेदहा तास. येताना हाच फरक वजा करायचा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिथली घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा फरक साडेचारच धरा.

तुमच्या हिशेबापेक्षा तिकिटावर अर्धा-पाऊण तास जास्त दिसला तर बिचकू नका. उशिराची सोय म्हणून कंपन्या थोडा वेळ हाताशी ठेवतात. दोन-तीन तास जास्त दिसले तर मात्र मध्ये कुठे थांबा आहे का, ते पैसे भरण्याआधी पाहा.