नव्या तलंगा शेडवर येण्याआधी

रोटा, अ‍ॅस्ट्रो, रिओ या विषाणूंची हगवण कोंबड्यांच्या कळपात शिरली की विषाणू मारणारं औषध हाती नसतं. रोटा आणि अ‍ॅस्ट्रोविरुद्ध तर लेयरच्या, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या, नेहमीच्या लसीकरणात लसही नसते. त्यामुळे सगळी मदार शेड रिकामी असतानाच्या कामावर आहे.

आधी जुनं खत पूर्ण उचला आणि शेडपासून लांब न्या. मग साबणाच्या पाण्याने पिंजरे, विष्ठेचे पट्टे, खाद्याची पन्हाळी घासून धुवा आणि खडखडीत वाळू द्या. विष्ठेचा थर राहिला तर भारी जंतुनाशकही त्याच्यावरच खर्ची पडतं. जंतुनाशक निवडताना डबीवरचा घटक वाचा. या विषाणूंना बाहेरून चरबीचं आवरण नसतं, म्हणून नुसती क्वाटर्नरी अमोनियमची औषधं त्यांच्यापुढे कमी पडतात. ग्लुटाराल्डिहाइड किंवा परऑक्सिमोनोसल्फेट असलेलं घ्या, आणि डबीवर लिहिलेला संपर्काचा वेळ तेवढाच पाळा. पाण्याच्या पाइपमधला बुळबुळीत थर काढून कोंबड्या ज्यातून पाणी पितात ती निपल एकेक दाबून तपासा. उंदीर, माश्या, काळे किडे यांचा बंदोबस्त याच दिवसांत करा. प्रत्येक शेडचे बूट वेगळे ठेवा.

आता वही. तलंगा, म्हणजे अंड्यावर येण्याआधीच्या कोंबड्या, आल्यापासून रोजचं पाणी, खाद्य, मरतूक आणि आठवड्याचं वजन लिहायचं. लेयरमध्ये ही हगवण बऱ्याचदा मोठी मरतूक न करता जाते. आतड्याच्या अस्तरावरच्या बारीक उंचवट्यांची टोकं झडतात, खाल्लेलं अंगी लागत नाही, आणि कळप लहानमोठा होतो. सरासरी वजनाच्या दहा टक्के वर-खाली एवढ्या पट्ट्यात 80 टक्के तलंगा बसत नसतील, तर पुढे अंडी एकदम सुरू होणार नाहीत. पातळ विष्ठा, चिकटलेली गुदद्वारं आणि घाणेरडी अंडी नजरेला येण्याआधी ही आकडेवारी बोलते.

नमुन्यांची तयारी मात्र जवळजवळ कुणीच करत नाही, आणि मला तीच सर्वात महत्त्वाची वाटते. रुंद तोंडाच्या बरण्या, तुकडे न सडता टिकवणारं 10 टक्के फॉर्मलिन, बर्फाचा डबा, लेबलं आधीच आणून ठेवा. आतडं मेल्यावर फार लवकर सडतं, म्हणून मेलेल्या कोंबडीचा उपयोग थोडाच. नुकत्याच आजारी पडलेल्या, जिवंत कोंबड्या पशुवैद्यकाच्या हाती द्यायच्या. आतड्याचे तुकडे त्यांच्या दहापट फॉर्मलिनमध्ये, पीसीआर या विषाणू ओळखणाऱ्या तपासणीसाठी आतड्यातला द्रव बर्फावर. प्रयोगशाळा कोणते नमुने घेते, हे आजच विचारून ठेवा.

पातळ विष्ठा म्हणजे विषाणूच, असं धरू नका. खाद्यातलं जास्त मीठ, उन्हाळ्यातलं जादा पाणी, रक्ती हगवण, जंत, मानमोडी, यांतलं काहीही असू शकतं. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. ते द्यायचं की नाही हे तपासणीनंतर पशुवैद्यकालाच ठरवू द्या, आणि तोवर पातळ विष्ठा दिसलेल्या शेडचं काम दिवसाच्या शेवटी करा.